हळदीचे फोटो: चेहरा पिवळा, सुधारला की राखाडी

लग्नसराई सुरू झाली की फोटो एडिटिंग शिकणाऱ्यांची एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. हळदीचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले की सगळंच पिवळं मारतं. टेम्परेचरचा स्लायडर निळ्याकडे ओढला की मंडपाचा पिवळेपणा उतरतो, पण नवरीचा चेहरा राखाडी पडतो, सावल्या निळसर होतात आणि गालावरची ताजी हळद मुलतानी मातीसारखी दिसायला लागते. स्लायडर मागे नेला की चेहरे पुन्हा पिवळे. मग कुणाचा तरी प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेल्या बदलांचा संच) लावून बघायचा, तो दोन फोटोंवर चालतो आणि तिसऱ्यावर फसतो. पुढच्या लग्नात सगळं पहिल्यापासून.

हे पुन्हा पुन्हा घडतं याला कारण आहे. हळदीच्या फोटोत पिवळा रंग तीन ठिकाणांहून येतो आणि आपण तिन्हींवर एकाच स्लायडरने इलाज करतो. पहिला पिवळा प्रकाशाचा: डोक्यावरच्या कापडी छतातून गाळून आलेलं ऊन किंवा हॅलोजन. दुसरा परावर्तनाचा: पिवळी साडी, झेंडूच्या माळा, शेजारी उभ्या असलेल्या करवल्यांचे पिवळे ड्रेस, या सगळ्यांवरून उसळून चेहऱ्यावर पडणारा उजेड. आणि तिसरा हळदीचा स्वतःचा. पहिला काढायचा असतो, दुसरा थोडा कमी करायचा असतो आणि तिसऱ्याला हात लावायचा नसतो, कारण कार्यक्रमच त्याचा आहे. कलर करेक्शन शिकताना ही वाटणी डोक्यात पक्की बसली की अर्धा गोंधळ मिटतो.

ऑटो बटण इथे हमखास का चुकतं तेही यातच आलं. ऑटो व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप साधलेला रंगांचा तोल) जुना आणि अजूनही बराच वापरला जाणारा आधार असा की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यावी. रस्ता, बाजार, वर्ग अशा ठिकाणी हे बऱ्यापैकी जमतं. हळदीत निम्मी फ्रेम खरोखरच पिवळी असते. सॉफ्टवेअर तो पिवळा प्रकाशाचा दोष समजतं आणि काढायला निघतं. आजची सॉफ्टवेअर चेहरे ओळखून निर्णय घेतात, पण चेहऱ्यालाच हळद लागली असेल तर तीही फसतात. कॅमेऱ्यात ऑटो ठेवलं असेल तर आणखी एक त्रास: नवरीच्या क्लोजअपला एक रंग, मागच्या मंडपासकट घेतलेल्या फ्रेमला दुसरा. दोन्ही फोटो एकाच मिनिटातले, एकाच जागचे.

आधी स्क्रीन

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे गाळतात. गाळू नका. विंडोजमधला नाइट लाइट, फोनमधला डोळ्यांच्या आरामाचा मोड, अॅपलच्या उपकरणांवरचं ट्रू टोन, यातलं काहीही चालू असेल तर स्क्रीन आधीच पिवळसर असू शकते. रात्री बसून फोटो सुधारले, पिवळा काढला, सकाळी बघितलं तर सगळे निळे: याचं कारण बहुतेक वेळा नाइट लाइट हेच असतं. तो बंद करा. लॅपटॉपचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर असेल तर खाली आणा. मॉनिटर कॅलिब्रेट करणारे, म्हणजे त्याचे रंग मोजून ठरलेल्या मापावर आणणारे, साधारण ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा) आणि १२० कँडेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनची उजळी) हे लक्ष्य धरतात. कॅलिब्रेशनचं यंत्र नसेल तरी पहिले दोन सुमारे बरोबर ठेवता येतात, कारण बहुतेक मॉनिटरच्या मेन्यूत ६५०० केल्विन किंवा एसआरजीबी असा पर्याय असतो.

खोलीतला दिवाही बघा. पिवळ्या बल्बखाली बसून पिवळा ओळखता येत नाही. डोळा आजूबाजूच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि थोड्या वेळाने पिवळ्यालाच पांढरा समजू लागतो. म्हणून एका फोटोकडे फार वेळ टक लावून बसू नये. दर थोड्या वेळाने नजर खिडकीबाहेर न्यावी, मग परत यावं.

डोळा फसतो, आकडे फसत नाहीत. फोटोशॉपमध्ये एफ८ दाबलं की इन्फो पॅनेल उघडतं. कर्सर जिथे न्याल तिथल्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलचे आकडे ० ते २५५ मध्ये दिसतात. लाइटरूममध्ये तेच टक्क्यांत, हिस्टोग्रामच्या (उजळपणाच्या आलेखाच्या) खाली. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यांतही असे आकडे वाचणारा पिकर आहे. जी वस्तू खरोखर राखाडी किंवा पांढरी आहे तिथे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. पुढचं सगळं काम या एका वाक्यावर चालतं.

मामाची पांढरी टोपी पांढरी नसते

आयड्रॉपर (क्लिक केलेली जागा रंगहीन धरून फोटोचा रंग जुळवणारं साधन) घेऊन पांढऱ्या वस्तूवर क्लिक करा, असं प्रत्येक ट्युटोरियल सांगतं. मराठी लग्नात पांढरं काय असतं? मामांची टोपी, आजोबांचं धोतर, काकांचा सदरा. क्लिक केलं की फोटो सुधारण्याऐवजी आणखी पिवळा होतो. शिकणारा गोंधळतो आणि आयड्रॉपरवरचा विश्वास उडतो.

दोष नीळीचा आहे. पांढरे कपडे नीळ घालून धुतात, आणि आजच्या डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते उन्हातला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून कपडा शुभ्र वाटतो. मोकळ्या उन्हात असा सदरा मोजला तर निळ्या चॅनेलचा आकडा बाकीच्या दोघांपेक्षा वर येतो. सॉफ्टवेअर म्हणतं, इथे निळा जास्त आहे, पिवळा वाढवतो. झालं.

मग क्लिक कुठे करायचं? सगळ्यात भरवशाचं म्हणजे ग्रे कार्ड, कुठल्याही रंगाकडे न झुकणारं राखाडी कार्ड. त्या जागी, त्याच उजेडात कार्डाचा एक फोटो घेतलेला असेल तर बाकी काहीच शोधावं लागत नाही. ते नसेल तर पाटाभोवतीची पांढरी रांगोळी बघा. दगडाची भुकटी असल्याने ती बऱ्यापैकी तटस्थ असते. मात्र रंगीत रांगोळी तिच्यात मिसळलेली नाही आणि ती उन्हात जळलेली नाही, म्हणजे आकडे २४५ च्या पुढे गेलेले नाहीत, हे आधी तपासा. जळलेल्या भागावर तिन्ही आकडे आपोआपच सारखे दिसतात आणि त्यातून काहीच कळत नाही. स्टीलच्या ताटावर क्लिक करू नका, ते भोवतालचे रंग दाखवतं. मुंडावळ्यांचे मोती मुळातच मोतिया असतात, म्हणजे पिवळसर. दातांचं आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाचंही तेच, तेही पूर्ण पांढरे नसतात.

एकच पक्की जागा सापडत नसेल तर तीनचार संशयित जागी क्लिक करून प्रत्येक वेळी टेम्परेचर आणि टिंट किती येतात ते कागदावर लिहा. दोनतीन आकडे एकमेकांच्या जवळ येतील, एखादा लांब जाईल. लांब गेलेला सोडून द्या.

चेहरा राखाडी का पडतो

आता मुख्य मुद्दा. टेम्परेचरचा स्लायडर निळा ते पिवळा या रेषेवर चालतो, टिंटचा हिरवा ते मजेंटा या रेषेवर. शिकणारे बहुतेक फक्त पहिल्याशी खेळतात, कारण दोष डोळ्यांना पिवळा दिसतो. पण पिवळ्या कापडाखालचा उजेड आणि पिवळ्या बल्बचा उजेड हे दोन वेगळे पिवळे आहेत.

साध्या बल्बचा किंवा हॅलोजनचा उजेड साधारण २७०० ते ३२०० केल्विनचा असतो. त्यात लाल सगळ्यात जास्त, हिरवा मधला, निळा कमी. टेम्परेचरचा स्लायडर नेमका याच उतारासाठी बनवलेला आहे. तो निळ्याकडे नेला की लाल उतरतो, निळा चढतो, हिरवा मध्ये राहतो आणि तिन्ही एका पातळीवर येतात.

पिवळ्या कापडाचं गणित निराळं. बाहेर ऊन साधारण ५५०० केल्विनचं, तिन्ही रंग बऱ्यापैकी समान. कापड त्यातला निळा खातं; लाल आणि हिरवा दोन्ही जवळजवळ तसेच खाली येऊ देतं. उदाहरणादाखल, अशा छताखाली धरलेल्या ग्रे कार्डाचे आकडे लाल २००, हिरवा १९५, निळा १२० असे धरा. टेम्परेचर निळ्याकडे ओढत गेलात तर लाल उतरून १६५ च्या आसपास येईल, निळा चढून तेवढाच होईल, पण हिरवा १९५ वरच बसलेला राहील. कार्ड आता हिरवं मारतंय. डोळ्याला मात्र ते हिरवं असं लगेच कळत नाही, कारण आपण पिवळा गेला याच आनंदात असतो. चेहऱ्यावर त्याचा परिणाम काय होतो बघा: त्वचेत लाल हा सगळ्यात वरचा रंग, आणि आपण नेमका तोच उतरवला. हिरवा वर राहिला. लाली गेलेल्या, किंचित हिरवट त्वचेलाच आपण राखाडी म्हणतो.

उपाय साधा आहे. टेम्परेचर अर्ध्यापर्यंत न्या आणि मग टिंट मजेंटाकडे सरकवा. पुन्हा थोडं टेम्परेचर, पुन्हा थोडं टिंट. नजर चेहऱ्यावर नको, आकड्यांवर ठेवा. कार्डावर तिन्ही आकडे १८० च्या आगेमागे आले की थांबा. लाइटरूममध्ये पिवळ्या छताखाली टिंट एरवीपेक्षा बराच पुढे, चाळीस किंवा त्याहून वर गेला तरी घाबरू नका. छताचा रंगच तसा आहे. केशरी कापड असेल तर उजेड बल्बच्या जवळ जातो आणि टिंटला एवढं ढकलावं लागत नाही. लाल आणि पिवळ्या पट्ट्यांचं छत सगळ्यात वाईट, त्याखाली दोन पावलांवर रंग बदलतो.

तटस्थ आल्यावर टेम्परेचर थोडंसं उबेकडे परत न्यावं, असं माझं मत. हळद सकाळची असते, घरातली असते, ती ऑफिसातल्या ट्यूबलाइटसारखी पांढरीफटक दिसू नये. पण ही ऊब आधी तटस्थावर पोचून मग द्यायची. न पोचता मध्येच सोडून दिलेला पिवळा आणि ठरवून दिलेली ऊब यांतला फरक प्रिंटमध्ये लगेच दिसतो: पहिल्यात सावल्याही पिवळ्या असतात.

हे सगळं रॉ फाइलवर सहज जमतं. जेपेगवर ओढाताण होते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स म्हणजे नुसती नोंद असते, सेन्सरने टिपलेले आकडे अजून शाबूत असतात. १४ बिटच्या रॉमध्ये एका चॅनेलला १६,३८४ पायऱ्या, ८ बिटच्या जेपेगमध्ये २५६. आधीच उपाशी असलेला निळा चॅनेल जेपेगमध्ये दीडपट करायला गेलात की चेहऱ्याच्या सावलीत ठिपके आणि चकत्या उमटतात. रॉमध्येही निळ्या चॅनेलला नॉइज (नको असलेले बारीक ठिपके) असतोच. सेन्सरवरचा रंगीत फिल्टर, जो कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखला जातो आणि ज्याचं पेटंट १९७६ चं आहे, त्यात अर्धे पिक्सेल हिरव्यासाठी असतात. लाल आणि निळ्याच्या वाट्याला पाव पाव येतात. त्यात छताने निळा खाल्लेला. म्हणून हळदीच्या फोटोंना रंगाचं नॉइज रिडक्शन नेहमीपेक्षा थोडं जास्त द्यावं लागतं.

हळद हळदीसारखी, त्वचा त्वचेसारखी

छताचा पिवळा गेला. आता चेहऱ्यावर उरलेला पिवळा बहुतेक हळदीचाच आहे. इथे बरेच जण एचएसएल पॅनेलमध्ये (एकेका रंगाचा ह्यू म्हणजे छटा, सॅच्युरेशन म्हणजे गडदपणा आणि ल्युमिनन्स म्हणजे उजळपणा वेगळा बदलण्याची जागा) जाऊन पिवळ्याचं सॅच्युरेशन खाली आणतात. चेहरा सुधारतो खरा, पण त्याच झटक्यात झेंडू फिके पडतात, पैठणीची जर निस्तेज होते आणि नवरीची पिवळी साडी जुनी वाटायला लागते.

त्यापेक्षा आधी त्वचा बरोबर आहे का ते हळद नसलेल्या जागी तपासा. हळद लावणाऱ्या काकूंचा मनगटापासून वरचा हात, नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मावशीची मान, कानाची पाळी. तिथे आकड्यांचा क्रम लाल, मग हिरवा, मग निळा असा उतरता हवा. फोटोशॉपचं इन्फो पॅनेल सीएमवायकेवर (छपाईच्या सायन, मजेंटा, यलो आणि काळ्या शाईच्या आकड्यांवर) ठेवलं तर आणखी सोपं जातं: यलो मजेंटापेक्षा थोडा जास्त, सायन मजेंटाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, सावळ्या त्वचेत त्याहून थोडा वर. यलो मजेंटाच्या फारच पुढे पळत असेल तर छताचा पिवळा अजून शिल्लक आहे. मजेंटा यलोच्या पुढे गेला तर तुम्ही टिंट जास्त ढकललंय, चेहरा गुलाबी होणार. सायन वाढला की तोच मघाचा राखाडीपणा.

माणसांचा वर्ण गोरा, गव्हाळ, सावळा असा बदलतो तो मुख्यतः उजळपणात. रंगाची दिशा फारशी बदलत नाही. व्हिडिओवाले व्हेक्टरस्कोपवर (रंगाची दिशा दाखवणाऱ्या आलेखावर) त्वचेसाठी सगळ्यांना एकच रेषा वापरतात ती याचसाठी. म्हणून सावळ्या नवरीचा फोटो सुधारणं आणि तिला उजळ करणं ही दोन कामं वेगळी आहेत, आणि दुसरं काम कलर करेक्शनमध्ये बसत नाही. घरचे कधीकधी मागणी करतात. त्यांना आधी नीट करेक्शन केलेला फोटो दाखवा. राखाडीपणा काढलेली सावळी त्वचा इतकी तेजस्वी दिसते की उजळ करण्याचा विषय बहुधा निघतच नाही. लाइटरूममध्ये ऑरेंजचं ल्युमिनन्स वर ढकलून सगळ्यांना गोरं करणारे प्रीसेट मिळतात. त्यांनी चेहऱ्यावरचा उठाव जातो, नाक-गाल-हनुवटी एका सपाटीला येतात. ते वापरू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

त्वचा बरोबर आली की हळदीकडे या. हळदीतलं कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतं, त्यामुळे हळदीच्या जागी निळा चॅनेल जवळजवळ तळाला असतो आणि लाल-हिरवा वर. ताजी, ओली हळद गडद. वाळली की फिकी आणि भुरकट. हा फरक खरा आहे, तो पुसायचा नाही. तपासायचं एवढंच की हळद हिरवट तर मारत नाही ना. मारत असेल तर एचएसएलमध्ये पिवळ्याचा ह्यू किंचित केशरीकडे न्या. जुजबी दोनचार अंक पुरतात. त्वचा लाइटरूमच्या भाषेत बहुतेक ऑरेंजमध्ये येते आणि हळद यलोमध्ये, त्यामुळे दोघी बऱ्यापैकी वेगळ्या हाताळता येतात. हळद पातळ लागलेली असते तिथे मात्र त्या एकमेकींत मिसळतात. त्या पट्ट्यासाठी पॉइंट कलर (एकच नेमका रंग निवडून बदलण्याचं साधन) बरं पडतं, नसेल तर ब्रशने मास्क करा, म्हणजे तेवढाच भाग निवडा.

झेंडूचा प्रश्न थोडा वेगळा. भडक उन्हातले झेंडू स्क्रीनवर सपाट ठिगळासारखे दिसतात, पाकळ्या दिसत नाहीत. तिथे लाल चॅनेल २५५ वर आदळलेला आणि निळा शून्यावर टेकलेला असतो. सॅच्युरेशन वाढवून ते सुटत नाही, कमी करून सुटतं. फुलांवर मास्क करून हायलाइट आणि सॅच्युरेशन थोडं खाली घ्या, पाकळ्या परत येतात.

शेवटची खात्री हिरव्या चुड्यावर करा. हळद, कुंकू आणि हिरवा चुडा हे तीन रंग प्रत्येक मराठी घराला तोंडपाठ असतात. चुडा पोपटी दिसला तर फोटोत पिवळा शिल्लक आहे. मोरपंखी दिसला तर निळ्याचा अतिरेक झालाय. काचेच्या चमकत्या भागाकडे बघू नका, बांगडीच्या सावलीतल्या बाजूचा रंग बघा.

एकाच चेहऱ्यावर दोन रंग

अंगणातल्या मंडपात वरून पिवळा उजेड येतो आणि उघड्या बाजूने आकाशाचा निळसर. आकाशाच्या सावलीतला उजेड ७००० केल्विनच्या वर जातो. नवरीचा एक गाल पिवळा, दुसरा निळसर. कुठलाही एक व्हाइट बॅलन्स दोन्ही गालांना पुरत नाही आणि इथेच लोक थकून प्रीसेटकडे वळतात.

ज्या बाजूला चेहऱ्याचा मोठा भाग आहे तिच्यासाठी मुख्य व्हाइट बॅलन्स लावा. उरलेल्या बाजूवर मऊ कडेचा ब्रश घेऊन टेम्परेचर उलट दिशेने थोडं द्या. पूर्ण जुळवू नका. प्रकाश दोन बाजूंनी आला होता हे फोटोत थोडं राहिलंच पाहिजे, नाहीतर चेहरा कापून चिकटवल्यासारखा वाटतो. हनुवटीखाली पिवळ्या साडीचा उजेड उसळलेला असतो तिथेही हेच, पण आणखी हलक्या हाताने. फोटोशॉपमध्ये काम करत असाल तर वर एक रिकामी लेयर घ्या, तिचा ब्लेंड मोड कलर ठेवा, त्याच चेहऱ्यावरचा चांगला रंग उचला आणि दहापंधरा टक्के ओपॅसिटीने खराब भागावर फिरवा. उजळपणा आणि त्वचेचा पोत तसाच राहतो, फक्त रंग बदलतो.

संध्याकाळच्या हळदीला डीजेचे एलईडी लावलेले असतील तर मर्यादा ओळखा. जांभळ्या किंवा गडद निळ्या एलईडीच्या झोतात चेहऱ्यावर हिरव्या चॅनेलची माहितीच पोचलेली नसते. जी माहिती नाही ती कुठलाही स्लायडर आणू शकत नाही. असे फोटो रंगासकट राहू द्या किंवा सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा.

उष्टी हळद आणि अल्बमची पानं

आधी नवऱ्याकडची हळद होते आणि मग तीच उष्टी हळद नवरीकडे जाते. म्हणजे हळद एकच, घरं दोन. एकीकडे पिवळं छत, दुसरीकडे फ्लॅटच्या हॉलमधली एलईडी ट्यूब. अल्बममध्ये हे दोन कार्यक्रम समोरासमोरच्या पानांवर येतात आणि एकीकडची हळद केशरी, दुसरीकडची लिंबासारखी दिसली की संपूर्ण पान विसंगत वाटतं.

म्हणून प्रत्येक जागेचा एक फोटो निवडा, तो पूर्ण सुधारा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून हळदीच्या वाटीचे आकडे जुळवा. वाटीच, चेहरा नको, कारण चेहऱ्यावर हळद किती जाड लागली हे सगळीकडे वेगळं असतं. हे दोन फोटो जमले की मगच बाकीच्यांवर सिंक करा, म्हणजे तेच बदल उतरवा, आणि तेही त्या त्या जागेपुरतंच. सिंक करताना प्रीसेटमध्ये व्हाइट बॅलन्सची खूण आहे का बघा. तयार प्रीसेटमध्ये ती बऱ्याचदा असते, आणि दुसऱ्याच उजेडातलं टेम्परेचर तुमच्या फोटोंवर येऊन बसतं. दोन फोटोंवर चालून तिसऱ्यावर फसणाऱ्या प्रीसेटचं मूळ बहुधा इथेच सापडतं. ती खूण काढून प्रीसेट पुन्हा सेव्ह करा.

माझ्या स्क्रीनवर छान, लॅबमधून आलं ते वेगळं

एक्स्पोर्ट करताना फोनवर पाठवायचे फोटो एसआरजीबीमध्येच काढा. ही रंगव्यवस्था १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने पुढे आणली आणि रंगांची माहिती नसलेल्या फाइलला बहुतेक उपकरणं आजही तीच समजून दाखवतात. अडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या व्यवस्थेतली फाइल प्रोफाइल (फाइल कुठल्या रंगव्यवस्थेतली आहे याची नोंद) न ओळखणाऱ्या अॅपमध्ये उघडली की रंग मरगळलेले दिसतात, आणि हळदीसारखा विषय असेल तर ते सगळ्यात आधी जाणवतं. फोटोशॉपमध्ये बदल करताना कन्व्हर्ट टू प्रोफाइल वापरा. असाइन प्रोफाइल केलं तर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेशनने पिवळ्यातल्या बारीक छटा चकत्यांमध्ये बदलतात.

लॅबला फाइल देताना एक गोष्ट आवर्जून विचारा: तुमच्याकडे ऑटो करेक्शन चालू असतं का? असेल तर माझ्या ऑर्डरला बंद ठेवा. सुरुवातीला सांगितलेला सरासरीचा हिशोब तिथेही असू शकतो, आणि तुम्ही जपलेला पिवळा मशीन पुन्हा काढून टाकतं. लॅब प्रोफाइल देत असेल तर लाइटरूममध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग (प्रिंट कशी येईल याची स्क्रीनवरची झलक) करून बघा. कागदाला स्क्रीनएवढा गर्द पिवळा पेलत नाही, झेंडू कुठे सपाट होणार ते आधीच कळेल. पूर्ण अल्बम छापण्याआधी चार बाय सहाच्या दोनतीन प्रिंट काढून खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. गडद आल्या तर दोष रंगाचा नाही, तुमची स्क्रीन जास्त उजळ आहे.

पुढच्या हळदीला जाताना

बॅगेत ग्रे कार्ड ठेवा. मंडपात पोचल्यावर, पाट मांडलेला असतो तिथे कुणाच्याही हातात ते धरून एक फोटो घ्या. ऊन सरकलं किंवा जागा बदलली की पुन्हा एक. कॅमेऱ्यात ऑटोऐवजी केल्विन ठरवून ठेवा, आकडा चुकला तरी सगळे फोटो सारखेच चुकतील आणि एकदम सुधारता येतील. फ्लॅश मारणार असाल तर त्याच्यावर छताच्या रंगाच्या जवळचा पिवळसर जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा. नुसता फ्लॅश ५५०० केल्विनच्या आसपासचा असतो, म्हणजे पुढे चेहरा पांढरा आणि मागे मंडप गडद पिवळा, आणि हे दोन वेगळे करताना प्रत्येक फोटोत मास्क करत बसावं लागतं.

आणि बोलणी चालू असतानाच घरच्यांना सांगून ठेवा: बाजूच्या झालरी हव्या तेवढ्या पिवळ्या लावा, माळाही लावा, पण पाटाच्या बरोबर वर छताचं कापड पांढरं किंवा मोतिया घ्या. मंडपवाल्याकडे ते असतंच आणि त्याला जादा पैसे पडत नाहीत.